शिक्षकाने विचार कधी करायचा?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा निकाल आला आणि महाराष्ट्रात शिक्षकांच्या पात्रतेवर सगळेच बोलू लागले. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, असा तो निकाल. तेव्हापासूनचा वाद ठरलेल्या दोन सुरांत चालू आहे. एक सूर म्हणतो, मुलांच्या परीक्षा घेणाऱ्यांना स्वतः परीक्षा द्यायची भीती का वाटावी? दुसरा म्हणतो, पंचवीस वर्षं शिकवतोय, आता पुन्हा लायकी सिद्ध करायची का? दोन्ही वाक्यांना टाळ्या मिळतात. पण दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे, की शिकवण्याचं ज्ञान एकदा मिळवलं की ते जन्मभर पुरतं. एका बाजूच्या मते ते दीडशे गुणांच्या प्रश्नपत्रिकेत मोजता येतं, दुसऱ्या बाजूच्या मते ते सेवापुस्तकातल्या वर्षांबरोबर आपोआप साठत जातं. निकाल कायद्याचा अर्थ लावण्यापुरता आहे, त्याची चर्चा कायद्याच्या अंगाने जरूर व्हावी. शिक्षक चांगला कशाने होतो, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि या गदारोळात तो कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं आहे. काल वर्गात काय घडलं, मुलांना काय कळलं, काय कळलं नाही आणि त्यात आपल्या शिकवण्याचा वाटा किती होता, याचा नियमाने आणि सहकाऱ्यांसोबत विचार करणं, हा शिकवण्याच्या कामाचाच भाग आहे. तो शिक्षकाच्या सद्गुणांवर सोडून चालणार नाही. त्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा हवी. तो तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवायला हवा. आणि त्याची सुरुवात मुख्याध्यापकाच्या व अधिकाऱ्यांच्या खुर्चीपासून व्हायला हवी, वर्गातल्या शिक्षकापासून नव्हे. ‘शिक्षकांनी आत्मचिंतन करावं’ हे आपल्याकडे भाषणातलं वाक्य आहे. दर पाहणी अहवालानंतर ते शिक्षकांच्या अंगावर फेकलं जातं. मी ज्या चिंतनाबद्दल बोलतो आहे ते याहून फार साधं आणि फार मेहनतीचं आहे.

तिसरीतल्या एखाद्या मुलीची गणिताची वही उघडा. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ४० वजा १६, उत्तर ३६. ७५ वजा ३२, उत्तर ४३. पहिल्या तिन्हींवर लाल फुली, चौथ्यावर बरोबरची खूण, खाली ‘सराव करावा’ असा शेरा, सही आणि तारीख. वही तपासली गेली, कुणी बोट ठेवायला जागा नाही. आता तीच वही जरा थांबून पाहा. तिन्ही चुका एकच चूक आहे. मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, मग तो वर असो की खाली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. चौथ्या उदाहरणात हातचा लागत नाही, म्हणून तिथे हाच नियम बरोबर उत्तर देतो आणि तिचा विश्वास आणखी पक्का होतो. तिने हा नियम आणला कुठून? बहुतेक वेळा तो आपणच दिलेला असतो. बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना ‘लहानातून मोठी संख्या वजा होत नाही’ हे वाक्य वर्गावर्गात, घराघरात बोललं जातं. मुलगी ते वाक्य निष्ठेने पाळते आहे. तिला अशी आणखी वीस उदाहरणं सरावाला दिली, तर ती वीस वेळा तीच चूक गिरवेल.

‘हे कसं केलंस, मला सांग बरं’ एवढं विचारायला एक मिनिट लागतं. मग काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायचं, यातून मला सत्तावीस दे. ती दोन गठ्ठे देते, दोन सुट्या देते आणि अडते. गठ्ठा सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे तिच्या हातांना कळतं. पण खरं काम इथून पुढे सुरू होतं. शिक्षकाने स्वतःला विचारायचं असतं, की हा नियम वर्गातल्या आणखी किती मुलांच्या डोक्यात आहे? ते वाक्य मी कधी, कुठल्या धड्यात वापरलं? पुढच्या वर्षी त्या जागी काय म्हणायचं? पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंशी यावर बोलायचं, कारण बी तिथे पडलेलं आहे. मग टाचणात एक ओळ लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ती हाताशी असेल. एका वजाबाकीतून एवढं निघतं. भाषेच्या, विज्ञानाच्या, इतिहासाच्या वह्यांत असं किती दडलेलं असेल?

टीईटीच्या प्रश्नपत्रिकेत बालमानसशास्त्रावर तीस प्रश्न असतात, गणितावर तीस. त्यात अशा चुकीवर एखादा प्रश्न येऊ शकेल आणि तयारी केलेला उमेदवार त्याचं उत्तर बरोबर देईलही. ही परीक्षा निरर्थक आहे, असं मी म्हणणार नाही. ज्याला स्वतःला दशमान पद्धत उमगलेली नाही, तो ती दुसऱ्याला काय शिकवणार? प्रवेशाच्या दारावर किमान जाण पडताळून पाहण्यात गैर काही नाही. पण आपल्या वर्गातल्या या मुलीच्या डोक्यात काय चाललंय, हे कुठलीही प्रश्नपत्रिका शिक्षकाला विचारू शकत नाही. अनुभवाचंही तसंच. अनुभवाने वर्ग हाताळणं सोपं जातं, मुलांशी बोलण्यात सहजता येते, पालकांची नस कळते. हे मोलाचं आहे आणि नव्या शिक्षकाला त्याचा हेवा वाटावा असंच आहे. पण मागे वळून पाहिलं नाही, तर ते एक वाक्यसुद्धा पंचवीस वर्षं तसंच बोललं जातं, आणि प्रत्येक नव्या तुकडीत ‘ही मुलंच कच्ची आहेत’ असा निष्कर्ष निघत राहतो.

यावर शिक्षक जे पहिलं उत्तर देतात ते खरं आहे. वेळ कुठे आहे? सकाळी शाळेत पाय ठेवायच्या आत मोबाइलवर केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपमध्ये संदेश आलेला असतो, अमुक माहिती आजच, तमुक लिंक बारा वाजेपर्यंत भरा, कार्यक्रमाचे फोटो अपलोड करा. पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, आधार जुळवणी, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. म्हणजे दोघांत पाच वर्ग, आणि त्या दोघांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. तो बैठकीला गेला की उरलेला एक जण पाचही वर्ग धरून बसतो. अशा माणसाला ‘चिंतन करा’ म्हणून सांगणं अन्यायाचंच आहे, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण ‘वेळ नाही’ इथे वाद संपत नाही, सुरू होतो. कारण हा वेळ कायद्याने दिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मधला, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. शिक्षकाचा आठवडा मात्र किमान ४५ तासांचा धरला आहे आणि तो ‘पूर्वतयारीच्या तासांसह’ असं स्पष्ट लिहिलं आहे. गणित करून पाहा. अध्यापन दिवसाला चार-साडेचार तास, आणि ४५ तास सहा दिवसांत वाटले तर दिवसाला साडेसात. हे किमान आकडे आहेत, प्रत्यक्षात शाळा याहून जास्त तास भरते, हे धरूनही फरक मोठा उरतो. पूर्वतयारी हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, हे संसदेने मान्य केलं होतं. त्याच कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. मग ते पूर्वतयारीचे तास गेले कुठे? ते लिंकांनी आणि तक्त्यांनी खाल्ले. आणि ते खाल्ले जात असताना आपण ‘अशैक्षणिक कामं काढा’ एवढंच म्हणत राहिलो. काढल्यावर त्या जागी काय ठेवायचं, हे कधी मागितलंच नाही. रिकामी जागा प्रशासन कधीच रिकामी राहू देत नाही. एक काम निघालं की दुसरं येतं. म्हणून वेळ मागताना तो कशासाठी हवा, हेही मागणीत लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. आपल्याकडे जे जे चांगलं येतं त्याचा फॉर्म होतो. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती. वर्षभर मुलाकडे पाहत राहायचं, त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या, वर्षाअखेरीच्या एका परीक्षेवर त्याचं भवितव्य टांगायचं नाही. झालं काय? तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्यांच्या पीडीएफ मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘प्रयोगाची मांडणी व्यवस्थित करतो’ ही वाक्यं एका जिल्ह्यातल्या मुलाच्या नोंदवहीतही तीच आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाच्याही तीच. मग शाळासिद्धी आली. शाळेने सात क्षेत्रांतल्या ४६ मानकांवर आपणच आपल्याला तपासायचं, कमी कुठे पडतो ते पाहायचं आणि सुधारणेचा आराखडा करायचा. त्याचीही श्रेणीसाठी धावाधाव झाली. आता चिंतनाच्या नावाने आणखी एक वही सुरू झाली, तर तिचंही हेच होणार नाही कशावरून?

होईल. त्या वहीवर तपासणी अधिकाऱ्याची सही लागणार असेल, तर नक्की होईल. जे लिहिलं ते उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, अशी धास्ती असताना कुठला माणूस ‘आजचा धडा फसला’ असं लिहील? तो लिहील, ‘उद्दिष्ट साध्य झाले’. हा शिक्षकांचा खोटेपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण हे कुठल्याही देशात, कुठल्याही काळात असंच घडलं आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली, सरकारात शिक्षणाची जबाबदारी असलेल्या रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळांचं अनुदान मुलांच्या हजेरीला आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेला बांधलं. निरीक्षक यायचा, प्रत्येक मूल तपासायचा, त्यावर पैसे ठरायचे. शिक्षकांनी वाचनाचं पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. पुस्तक हातात, डोळे पानावर, आणि वाचन मात्र स्मरणातून. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा निरीक्षक होता आणि त्याने या पद्धतीवर सरकारी नोकरीत राहून कडाडून टीका केली. शतक संपायच्या आत ती पद्धत गुंडाळावी लागली. निकालावर अनुदान देण्याची रीत आपल्या मुंबई इलाख्यातही होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सांगितलं, की ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही.

पण त्याच निवेदनात जोतीरावांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती माझ्या बाजूला अडचणीची आहे. त्यांची तक्रार होती, की शाळांवरची देखरेख अपुरी आहे, डेप्युटी साहेबाच्या वर्षातून एकदाच्या भेटीने काही साधत नाही. निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी, शिवाय अधूनमधून पूर्वसूचना न देता शाळेला भेट द्यावी, असं त्यांनी सुचवलं. ते असं का म्हणत होते, हे उघड आहे. ज्यांच्या पोरांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवलं जात होतं, त्यांच्या बाजूने ते बोलत होते. वस्तीवरच्या पालकाला शिक्षकाच्या चांगुलपणावर विसंबून राहता येत नाही. शाळा उघडते का, गुरुजी येतात का, पोराला वाचता येतं का, हे बाहेरच्या कुणीतरी पाहावं, हा त्याचा हक्क आहे. ‘आमचं चिंतन तपासू नका’ ही मागणी त्या पालकाला पळवाट वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

मी जोतीरावांच्या बाजूने आहे. तपासणी व्हावी, आत्ता होते त्याहून जास्त आणि जास्त चांगली व्हावी. मूल वाचतं का, हे मुलाला वाचायला लावून पाहावं. ‘प्रथम’ संस्थेच्या असर या पाहणीत २००५ पासून हेच केलं जातं, घरी जाऊन मुलापुढे उतारा ठेवला जातो. त्यातल्या आकड्यांवर शिक्षकांनी कितीही रोष धरला, तरी पद्धत रास्त आहे. माझा आग्रह एवढाच आहे, की मुलांना काय येतं याची तपासणी आणि शिक्षकाने आपल्या चुकांचा घेतलेला शोध, या दोन्ही गोष्टी एकाच वहीत कोंबू नयेत. पहिली बाहेरच्यासाठी असते, तिथे पुरावा लागतो. दुसरी आतल्यासाठी असते, तिथे निर्धास्तपणा लागतो. दुसरीवर पहिलीचा शिक्का मारला, की दोन्ही बिघडतात. अधिकाऱ्याला खोटी वही मिळते आणि शिक्षकाला स्वतःकडे पाहायची सवय कधी लागतच नाही. पालकाच्या पदरात काही पडत नाही ते नाहीच.

तिसरा आक्षेप डावीकडून येतो आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. पदं रिक्त ठेवायची, एका शिक्षकाकडे तीन वर्ग द्यायचे, मुलांच्या घरची भाषा कोरकू किंवा भिली असताना पुस्तक फक्त प्रमाण मराठीत द्यायचं, आणि वर शिक्षकाला म्हणायचं, तू आत्मपरीक्षण कर. व्यवस्थेचं पाप व्यक्तीच्या माथी मारण्याची ही सभ्य युक्ती नव्हे काय? पुष्कळदा असते. चिंतनाचा उपदेश करणाऱ्यांपैकी कितीजण रिक्त पदांबद्दल बोलतात, ते मोजलं तर उत्तर मिळेल. पण प्रामाणिकपणे केलेला विचार व्यक्तीपाशी थांबत नाही, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं, नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, माँटेसरी पद्धत भारतीय मुलांसाठी कशी वळवायची याचा त्यांचा अभ्यास पक्का होता. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण ज्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ती होती ती मुलं येईनात. इथे एक सोपं स्पष्टीकरण हाताशी होतं, तेच आजही शाळाशाळांत ऐकू येतं, की पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही. ताराबाई-अनुताईंनी ते स्वीकारलं नाही. मुलं येत नाहीत, तर आपल्या शाळेत काय कमी आहे, असा त्यांनी विचार केला आणि बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ही तिथे जन्मली. पुढे कोसबाडला, वारली मुलांमध्ये काम करताना दिसलं, की मोठी मुलं दिवसभर गुरं राखायला जातात. मग शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी मुलगी शाळेबाहेर राहते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी भरू लागली आणि तिला विकासवाडी हे नाव मिळालं. प्रत्येक पावलावर रीत एकच होती. जे घडतंय ते नीट पाहायचं, मुलाला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही, आपली पद्धत बदलायची आणि पुन्हा पाहायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. दोन शिक्षिकांनी आपल्या फसलेल्या बालवाडीचा विचार केला, त्यातून निघालेली गोष्ट शेवटी देशाच्या व्यवस्थेत शिरली. ज्याच्याकडे निरीक्षण असतं, त्याचा व्यवस्थेवरचा आरोप कुणाला हसण्यावारी नेता येत नाही. ‘मुलं गैरहजर राहतात’ ही तक्रार झाली. ‘चौथीतली ही अकरा मुलं दर मंगळवारी येत नाहीत, कारण त्या दिवशी तालुक्याचा बाजार असतो’ हे निवेदन झालं, आणि त्यावर निर्णय घ्यावा लागतो.

एक कबुली मात्र द्यायला हवी. एकट्याने केलेलं चिंतन फार विश्वासाचं नसतं. आपण आपल्याला जी गोष्ट सांगतो, त्यात आपण बहुधा बरोबर असतो. रोज संध्याकाळी मनाशी उजळणी करणारा शिक्षक रोज त्याच निष्कर्षाला येऊ शकतो, की मी छान शिकवलं, मुलांचं लक्ष नव्हतं. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात आणि समोर मुलांचं काम लागतं. जपानच्या प्राथमिक शाळांनी यासाठी शंभराहून अधिक वर्षं एक रीत जोपासली आहे, तिचं नाव जुग्यो केन्क्यू. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, त्यावर कित्येक बैठका घालवतात. वजाबाकीच्या पहिल्या उदाहरणात कोणते दोन आकडे घ्यायचे, यावरसुद्धा तिथे खल होतो. मग एकजण तो पाठ घेतो, बाकीचे मागे उभं राहून शिक्षकाकडे न बघता मुलं काय करतात ते टिपतात. नंतर चर्चा होते ती पाठावर. पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असल्यामुळे तो फसला तर सगळ्यांचा फसतो, एकट्या शिक्षकाला मान खाली घालावी लागत नाही. आपल्याकडेही आदर्श पाठ होतो, पण तो आधी बसवलेला असतो, मुलांना उत्तरं माहीत असतात आणि शेवटी अभिनंदन होतं. फसलेला पाठ घेऊन उभं राहायची सोय आपण कुठेच ठेवलेली नाही.

ती सोय कोण करणार? मुख्याध्यापक. म्हणून सुरुवात तिथून, असं मी म्हणतो. मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचं पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापांबरोबर फडावर जातात. अशा शाळेच्या मुख्याध्यापकाने गेल्या तीन वर्षांची हजेरीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर त्याला काय काय दिसेल? कोण जातं, कोण आजीपाशी राहतं, गेलेल्यांपैकी कोण पुढच्या वर्षी पुन्हा पटावर दिसत नाही. एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलाला आपण नेमकं काय देतो, असं त्याने स्वतःला विचारलं, तर उत्तर बहुतेक ‘वार्षिक परीक्षा’ असं येईल. पाच-सहा महिने जे शिकलंच नाही त्याची परीक्षा. मग तो आपल्या दोन-चार शिक्षकांसमोर म्हणू शकेल, की आपलं एप्रिलचं नियोजन चुकतंय, काय करू या? मुख्याध्यापकाने एकदा सगळ्यांदेखत असं म्हटलं, की मग तिसरीच्या बाईही वजाबाकीची वही टेबलावर ठेवतात. जिथे मुख्याध्यापक प्रत्येक बैठकीत फक्त वरून आलेल्या सूचना वाचून दाखवतो, तिथे ती वही पिशवीतच राहते. हेच केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही लागू आहे. गेल्या वर्षी आपण काढलेल्या पत्रांपैकी किती पत्रांनी एकाही मुलाचं काही भलं झालं, हा हिशेब एखाद्या कार्यालयाने मांडून पाहावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. हे तास आज बहुतांशी ऐकण्यात जातात, सभागृहात किंवा मोबाइलच्या पडद्यासमोर, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्यातले निम्मे तास शाळेला द्या. महिन्याची शिक्षण परिषद तर आहेच. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक त्या दिवशी एकत्र येतात, प्रवास करून येतात, आणि दिवसातला मोठा भाग प्रशासकीय सूचनांत संपतो. त्या सूचना लेखी पाठवता येतात. परिषदेचा पहिला दीड तास फक्त वह्यांसाठी राखावा. प्रत्येक शाळेने मुलांच्या दोन-तीन वह्या आणाव्यात, झाकल्या नावाने. त्यातली एखादी चूक सगळ्यांनी मिळून उलगडावी. पुढच्या महिन्यात ज्याने त्यावर काही करून पाहिलं त्याने काय झालं ते सांगावं, नसेल जमलं तर तेही सांगावं. त्याचा अहवाल नको, फोटो नको, इतिवृत्त नको. केंद्रप्रमुखाने त्या दीड तासात इतरांसारखं खुर्ची ओढून बसावं आणि आपणही एखादी वही आणावी.

शिक्षक संघटनांची ताकद मोठी आहे. जुन्या पेन्शनसाठी त्यांनी राज्य थांबवून दाखवलं आहे. टीईटीतून सवलत मागणाऱ्या निवेदनात त्यांनी एक कलम वाढवावं. आठवड्याला दोन तास पूर्वतयारी आणि सहविचारासाठी, शाळेच्या वेळेत, कायद्यातल्या ४५ तासांतूनच, आणि त्या दोन तासांत कुठलंही कार्यालय माहिती मागणार नाही, असा शासन निर्णय. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ या शब्दांना त्याने वजन येईल, आणि वस्तीवरच्या पालकालाही आपल्या मागे उभं राहायला कारण मिळेल. शासनाला यासाठी नवीन पद भरावं लागत नाही, नवीन पोर्टल काढावं लागत नाही. आठवड्याचे दोन तास आपले हात आवरावे लागतात, आणि मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंतच्या कार्यालयांना तेच सगळ्यात जड जाणार आहे.